पाहुणे नाहीत, शिक्षक

दांडिया बाजार, बडोदे
मंगळवार, रात्री

चि. मीनू,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन मध्येच ठेवलास आणि मीही परत केला नाही. फोनवर आपल्या दोघींचा आवाज चढतो आणि बोलायचं ते राहून जातं, म्हणून लिहायला बसले. तुझ्या नोकरीबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

संखेड्याचे लाखकामाचे कारागीर खरादीकाका पुण्याला तुझ्या वर्गाला शिकवून परतताना शुक्रवारी येऊन गेले. पुण्याची गाडी पहाटे आली, संखेड्याची बस सुटेपर्यंत इथेच होते. चहा-पोहे घेतले. हिंचक्याच्या कड्या करकरत होत्या, तर स्वतःच उठून तेल घातलं. पैशाचा विषय त्यांनी काढला नाही, मीच विचारलं. "बहेन, बिल पास थशे एटले मोकलशे," बिल पास झालं की पाठवतील, एवढंच म्हणाले आणि लगेच तुझ्याबद्दल बोलायला लागले. पहिल्या दिवशी तू वर्गाला सांगितलंस, "हे पाहुणे नाहीत, तुमचे शिक्षक आहेत," आणि हजेरीचं पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलंस. ते वाक्य त्यांनी निघेपर्यंत कितीदा सांगितलं असेल! मी नाक्यापर्यंत सोडायला गेले, तर रिक्षात बसता बसता पुन्हा तेच. दुपारी मी शालनमावशीला फोन करून तिलाही सांगितलं, आणि शेजारच्या काकूंनाही.

शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र, फोटो सगळं कॉलेजने वेळेवर केलं आणि मानधन तेवढं अडकवून ठेवलं, याचा तुला संताप आला तो मला कळतो. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई. पाळणे, झोपाळे, सोफे, सगळ्या ऑर्डरी याच दिवसांत. अशा वेळी तुझ्या शब्दावर त्यांनी जवळजवळ दोन आठवडे काम बंद ठेवलं. पैसे मागायलाच हवेत. काल मी "जपून" म्हटलं ते मागण्याबद्दल नव्हतं, संचालकांना केलेल्या मेलमध्ये सगळ्या विश्वस्तांना घालण्याबद्दल होतं. तुझा करार मार्चपर्यंतचाच आहे ना? असो. राहू दे.

आपला पाळणा आठवतो? दादाच्या वेळी माईंनी संखेड्याहून आणवलेला. तो पुढे माळ्यावर गेला, आणि तू कधीतरी खिळ्याने त्याचा दांडा खरवडलास. वरची सोनेरी वेल गेली आणि खालून पांढुरकं चकाकलं. "सोनं गेलं" म्हणून रडून घर डोक्यावर घेतलंस. बाबांनी तुला मारलं नाही, पुढच्या रविवारी आपल्याला बसने संखेड्याला नेलं, ओरसंगच्या काठी. तिथे खरादीकाकांचे वडील कामाला बसले होते. वाटीत कथलाची पूड सरसात खललेली, राखेसारखी करडी, बघायला अगदीच सामान्य. खारीच्या केसांचा कुंचला त्यात बुडवून ते तांबड्या रंगावर वेल काढत चालले होते. छापा नाही, पेन्सिलची रेघ नाही. हातातला लाकडी पाय फिरेल तशी वेल फिरायची आणि जिथून निघाली तिथेच बरोबर येऊन मिळायची. वाळल्यावर त्यांनी त्यावरून अकीकाचा गुळगुळीत दगड घासला, तेव्हा चांदी दिसायला लागली. मग लेथ सुरू केलं आणि फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरली, केवड्याच्या पानाने त्यांनी ती सारखी केली, आणि त्या चांदीचं आमच्या डोळ्यांसमोर सोनं झालं. तू त्यांचा हात धरून वाटीत डोकावून बघत होतीस, पिवळा रंग कुठे लपवलाय म्हणून.

आज तू डिझाइन शिकवतेस त्याची सुरुवात मी तिथूनच धरते.

म्हणून सांगते, मुलांना पहिले काही दिवस वेलबुट्टी काढूच देऊ नकोस. वेल काय, फोनवर फोटो काढून कॉम्प्युटरवर गिरवता येते, त्यात सोनेरी रंग भरता येतो, आणि ज्युरीसमोर छान दिसतेही. पण कथलावर लाख चढली की सोनं दिसतं हे ज्याच्या हाताला कळलं नाही, तो संखेड्याकडून काय शिकला? आधी कथील खलू दे. सरस कमी पडला की पूड झडते आणि जास्त झाला की अकीक घासूनही चकाकी येत नाही, हे त्यांचं त्यांना चुकत चुकत कळू दे. गुण त्याला ठेव. आकृती पुढच्या सत्रात आली तरी चालेल. आणि मूडबोर्डावर 'एथनिक' लिहून पिठोराचे घोडे चिकटवणाऱ्यांना आधी तेजगढला ने. तिथल्या राठवा आदिवासींच्या घरात पिठोऱ्याचं भित्तिचित्र हौसेने काढत नाहीत, नवस फेडायला काढतात. घरातल्या कुमारिका भिंत सारवून पांढऱ्या मातीने तयार करतात, रंगात दूध आणि मोहाची दारू घालतात, बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, येऊन बसतो आणि मगच चित्र काढणारा लखारा कुंचला उचलतो. तो घोडा देवाचा आहे. तो पिशवीवर छापायचा की नाही हे मुलांनी लखाऱ्याला विचारून ठरवावं, आणि तो नाही म्हणाला तर नाही.

बघ, शिकवायला बसले. इतकी वर्षं शाळेत चित्रकला शिकवली ती सवय. तुला हे सगळं ठाऊक आहे. माफ कर आणि पुढे वाच.

तू दर वर्षी पहिल्या तासाला लोट्याचं सांगतेस, ते मला फार आवडतं. १९५८ चा तो अमेरिकन डिझाइनर ईम्स दांपत्याचा अहवाल, त्यातलं लोट्याचं कौतुक, आणि त्यानंतर १९६१ साली अहमदाबादला उभी राहिलेली एनआयडी, डिझाइनची राष्ट्रीय संस्था. लोटा कुणा एका माणसाने घडवला नाही, पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी घडवला, हे खरंच आहे. पण लोट्याला कर्त्याचं नाव नाही, म्हणून आज समोर बसलेल्या कारागिराचंही नाव नको, असा अर्थ एखादा मुलगा काढेल. तो काढू देऊ नकोस. प्रदर्शनाच्या पाटीवर विद्यार्थ्याचं नाव ठळक आणि खाली बारीक अक्षरात 'संखेडा क्राफ्ट' असं असतं, ते मला खुपतं. काकांना नाव आहे, त्यांच्या वडिलांना होतं.

तुला इथल्या कीर्तिमंदिरात पहिल्यांदा नेलं तेव्हा गंगावतरणाच्या भिंतीपुढे तू खाली बसून चित्रं काढायला लागलीस आणि पहारेकरी आपल्याला हलवेना, आठवतं? नंदलाल बोसांनी १९३९ ते १९४६ या काळात ती चित्रं केली. तेच नंदलाल शांतिनिकेतनात जयपूरच्या नरसिंगलाल कारागिरांना बोलावून त्यांच्याकडून भित्तिचित्राची जयपुरी पद्धत शिकले होते. एवढा मोठा चित्रकार, पण कारागिरापुढे विद्यार्थी म्हणून बसला. तू हजेरीचं पुस्तक काकांपुढे ठेवलंस तेव्हा तुला हे आठवलं असेल की नाही कोण जाणे, मला आठवलं.

अण्णांचं, माझ्या वडिलांचं, तुला अर्धंच माहीत आहे. ज्या शाळेत ते सुतारकाम शिकवायचे तिचं नाव मी घेत नाही. मुलांना रंधा धरायला त्यांनी शिकवलं, सांधे जोडायला त्यांनी शिकवलं, पण हातात प्रमाणपत्र नाही म्हणून कागदावर कायम 'मदतनीस'. एका वर्षी पगाराबद्दल चारचौघांत मोठ्याने बोलले. त्या जूनमध्ये त्यांना बोलावणं आलं नाही. आईने त्या वर्षी काय काय मोडलं ते शालनमावशी तुला सांगेल. आणि हे कुठे, तर ज्या गावात सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढलं तिथे. त्रिभुवनदास गज्जरांच्या हाताखाली सुतारकाम, रंगकाम आणि चित्रकला एकाच संस्थेत शिकवली जायची, दादासाहेब फाळके तिथे शिकून गेले. हात आणि डोकं एकाच बाकावर बसवायचं, हे बडोद्याला तेव्हा सुचलं होतं.

तर मला भीती वाटते ती ही. तू बरोबर आहेस, आणि अण्णाही बरोबरच होते. मार्चनंतर कॉलेजने तुला नेमणुकीचं पत्रच दिलं नाही तर? पुण्यातलं भाडं, आणि तू दादाकडून घेणार नाहीस, आमच्याकडून तर नाहीच. नाही लिहायचं म्हटलं होतं, आलंच.

पण काकांच्या मुलाचंही ऐक. तो हालोलला कंपनीत लागला आहे. काका म्हणाले, पुण्याला जाऊन आल्यावर त्याने पहिल्यांदाच विचारलं, तिथे किती देतात. कच्छमध्ये २००५ साली कला रक्षा विद्यालय सुरू झालं आणि कारागिरांनाच डिझाइन शिकवायला लागले, हे तूच मला सांगितलं होतंस. तसं काही आपल्या बाजूला या मुलासाठी व्हावं असं मला फार वाटतं. तूर्त तो तुझ्या त्या बिलाकडे बघतो आहे. ते पास झालं तर एखाद्या रविवारी बापाशेजारी लेथवर बसेल. नाही झालं, तर त्या घरात अकीक घासणारे काका शेवटचे. त्यामुळे मागे हट असं मी तुला म्हणूच शकत नाही.

भांड, पण कागदावर भांड. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्थानिक कला-कारागिरीतल्या जाणत्यांना शाळांत 'मास्टर इन्स्ट्रक्टर' म्हणून घ्यावं असं स्पष्ट लिहिलं आहे. तो परिच्छेद काढून पुढच्या मेलला जोड. विश्वस्तांना सुनावण्यापेक्षा त्याचा उपयोग होईल. पुढच्या वेळी कुणालाही बोलावण्याआधी पत्र हातात घे: रोजचा दर, त्यात प्रवासाचे आणि काम बंद राहिल्याचे दिवस धरलेले, लाख-कथलाचा खर्च वेगळा, निम्मी रक्कम आगाऊ. काकांच्या पासबुकाचा फोटो मी शुक्रवारीच काढून घेतला, सोबत पाठवते आहे. लेखा विभागाला नाव आणि खाते क्रमांक हवाच असतो, त्यावर अडवायला नको. बाबा म्हणतात, बिल डिसेंबरपर्यंत आलं नाही तर आपण काकांना आपल्याकडून देऊ. मला ते पटत नाही. कॉलेजचे पैसे कॉलेजनेच द्यायला हवेत, नाहीतर काका पुन्हा पाहुणेच झाले.

दादा शनिवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर लीलो चेवडो आणि तुझी जुनी स्केचबुकं देते. पाळणाही बाबांनी माळ्यावरून काढला आहे. तू खरवडलेला भाग तसाच आहे. वर्गात दाखवायला हवा असेल तर त्याचा एक दांडा सोडवून देता येईल असं काका म्हणाले.

फोन नको करू, लिही. आणि मार्चचं काही कळलं तर तेही त्यातच लिही.

तुझी,
आई