दे इकडे, मी करते

वाकड,
मंगळवार, रात्री साडेदहा

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

वाकडहून सदाशिव पेठेत टपालाने पत्र पाठवणारी मी बहुधा एकटीच असेन. हसा खुशाल. पण व्हॉट्सॲपवर लिहिलेलं दोन दिवसांत ‘शुभ सकाळ’च्या ढिगाखाली जातं. फोनवर सांगावं तर बाबा “हो हो, कळलं” म्हणतात आणि ते कळलं नसल्याची खूण असते. कागद निदान टेबलाच्या काचेखाली राहील.

रविवारचं डोक्यातून जात नाहीये. आई, तू नाशिकच्या मावशीला व्हिडिओ कॉल लावत होतीस. शेजारी ती जुनी डायरी, शेवटचं पान उघडं, निळ्या शाईत तुझं अक्षर: ‘हिरवं चित्र. मावशी. वर उजवीकडे कॅमेरा. दाबणे. थांबणे.’ कॅमेरा तिथे नव्हता, कारण अपडेट आलं होतं आणि चित्रं इकडची तिकडे झाली होती. तू वही पाहिलीस, फोन पाहिलास, परत वही पाहिलीस. तेवढ्यात मी “दे इकडे, मी करते” म्हणून फोन ओढून घेतला. कॉल लागला, तुम्ही दोघी बोललात. नंतर तू ती वही मिटून कपाटात साड्यांच्या खाली सरकवलीस. मी पाहिलं.

सॉरी. पण नुसतं सॉरी म्हटलं तर पुढच्या रविवारी मी पुन्हा फोन ओढणार, मला माझा स्वभाव माहीत आहे. म्हणून बसून लिहितेय.

चूक तुझी नव्हतीच. तू जागा पाठ करतेस आणि फोनमध्ये जागा टिकत नाहीत. मंडईतली तुझी मेथीवाली मध्ये दोनदा जागा बदलून बसली, तेव्हा तू जुन्या जागेवर वाट बघत उभी राहिलीस का? तिचा आवाज ऐकत बरोबर तिच्यापाशी गेलीस. इथेही तेच कर. वहीतलं ‘वर उजवीकडे’ खोडून टाक, फक्त ‘कॅमेऱ्याचं चित्र’ ठेव. ते कुठेही बसलेलं असेल, आपण शोधायचं. भिंग म्हणजे शोध. डावीकडे तोंड केलेला बाण म्हणजे मागे. एकाखाली एक तीन टिंबं म्हणजे ‘आत अजून सामान आहे’. हरवलेली बहुतेक गोष्ट त्या तीन टिंबांत सापडते, तुझी किल्ली जशी नेहमी पिशवीच्या आतल्या कप्प्यात सापडते तशी.

आणि दाबून बघ गं. चुकीचं दाबलं म्हणून फोन बिघडत नाही, मागच्या बाणाने परत येता येतं. हात आखडता घ्यायचा तो मोजक्या वेळी: पिन मागितला, ओटीपी मागितला, किंवा ‘इन्स्टॉल’, ‘अलाऊ’, ‘डिलीट’ असं विचारलं तर. तिथे थांबायचं, चष्मा लावायचा, पूर्ण वाचायचं. ओटीपी आपण स्वतः काही करताना आला असेल तर आपणच भरायचा. तोंडाने कुणालाही सांगायचा नाही. मी मागितला तरी नाही.

भाजीवालीला पैसे देताना तू घाबरतेस ते मात्र योग्यच आहे. कोड स्कॅन केलास की आधी नाव येतं. परवा तिथे भलत्याच बाप्याचं नाव आलं म्हणून तू थांबलीस आणि तिला विचारलंस, “हा कोण?” ती म्हणाली, “माझा धाकटा.” मग दिलेस. असंच करत जा. आपल्यात हे करायला लोकांना संकोच वाटतो, तुला वाटला नाही. एक पक्कं लक्षात ठेवा दोघंही: पिन पैसे जाताना लागतो, शिल्लक बघताना लागतो, पैसे आपल्याकडे येताना कधीही लागत नाही. “काकू, रिफंड पाठवतोय, पिन टाका” असं कुणी म्हणालं की तो चोर. वादही घालू नका.

बाबा, आता तुमच्याकडे वळते. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल’ हा मेसेज आल्यावर तुम्ही त्या माणसाला फोन लावलात आणि फायलीतून मागच्या तीन वर्षांच्या पावत्या तारीखवार वाचून दाखवल्यात. वीस मिनिटांनी कंटाळून त्यानेच फोन ठेवला. हा किस्सा मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलाय. पण मधे तो “एक ॲप घ्या” म्हणाला तेव्हा तुम्ही “ते कसं घ्यायचं?” असं विचारलंत, तिथे माझ्या पोटात गोळा आला. तसलं ॲप घेतलं की तुमच्या फोनवर जे दिसतं ते त्याला दिसतं, ओटीपीसकट. पुढच्या वेळी पावत्या काढायच्याच नाहीत. फोन ठेवायचा आणि बिल नेहमीच्या ठिकाणी स्वतः जाऊन बघायचं.

पोलीस, सीबीआय, कस्टम्स, कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकार कायद्यात नाही. “कुणाला सांगू नका, कॅमेरा बंद करू नका” असं म्हणत असतील तर त्याच क्षणी बंद करायचा आणि मला सांगायचं, मी मीटिंगमध्ये असले तरी. हल्ली आवाजाचीही नक्कल होते. म्हणून माझ्या आवाजात कुणी रडत पैसे मागितले तर आधी विचारा, आपल्या जुन्या स्कूटरला आई काय म्हणायची? उत्तर इथे लिहीत नाही, पत्रं शेजारीही वाचतात.

आणि पैसे गेलेच तर ‘लोक काय म्हणतील’ म्हणून तास घालवू नका. लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची आशा जास्त. नंबर लक्षात ठेवायला तुम्हाला वही नको: डेक्कन क्वीन ज्या साली सुरू झाली ते साल.

लग्नपत्रिकेच्या नावानेही फसवतात. पत्रिका फोटो म्हणून येते, पीडीएफ म्हणून येते. शेवटी ‘एपीके’ लिहिलेली पत्रिका म्हणजे पत्रिकेच्या वेशातलं ॲप असतं. ती उघडायची नाही, ओळखीच्या नंबरावरून आली तरी. त्या ओळखीच्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

हयातीच्या दाखल्यासाठी दर नोव्हेंबरात बँकेत रांग लावायची गरज आता नाही. जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, २०१४ पासून आहे आणि २०२१ पासून फोनच्या कॅमेऱ्याने चेहरा दाखवूनही होतं. प्ले स्टोअरवरून दोन ॲप लागतात, ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’. आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक आणि पेन्शनच्या खात्याचा क्रमांक काढून ठेवा. तुमचं सगळं खडकीच्या कारखान्याच्या त्या खाकी फायलीत आहेच. बाल्कनीकडे तोंड करून बसा, पाठ करून नाही, नाहीतर चेहरा काळा येतो. चष्मा काढायचा, सांगतील तेव्हा डोळे मिचकवायचे. पुन्हा नोकरी धरली का, पुनर्विवाह केला का, असंही विचारतात. त्याचं उत्तर आईकडे बघून द्या. शेवटी प्रमाण क्रमांक येतो, तो फायलीत लिहून ठेवा. पहिल्या वेळी मी शेजारी बसेन. ऐंशी पूर्ण झाली की १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, म्हणजे अजून दोन वर्षांनी तुमची बढती.

तुमच्या कॉम्प्युटरबद्दल एवढंच, की ‘हिशोब नवीन’, ‘हिशोब नवीन २’, ‘हिशोब फायनल’ आणि ‘हिशोब फायनल खरा’ यांतला खरा कुठला ते सोसायटीच्या पुढच्या सेक्रेटरीला कळणार नाही. नावाच्या सुरुवातीला वर्ष, मग महिना लिहा, फायली आपोआप रांगेत बसतात. चुकून सगळं पुसलं गेलं तर हाक मारू नका, आधी कंट्रोल आणि झेड एकत्र दाबा. मराठी-इंग्रजी बदलायला विंडोजचं बटण आणि स्पेसबार.

आता जरा नाजूक विषय. बाबा, कुणी गेल्याची बातमी ग्रुपवर आली की त्यावर अंगठा दाखवू नका. तुमच्या मनात ‘वाचलं’ असतं, समोरच्याला ‘छान झालं’ असं दिसतं. दोन शब्द लिहा. जवळचं कुणी असेल तर ग्रुपवर लिहून भागत नाही, फोन करा, नाहीतर जाऊन या. लिहायला बोटं थरथरतात तर कीबोर्डवरच्या माइकच्या चित्रावर दाबून बोला, मराठी भाषा निवडलेली असली की तो मराठीत लिहितो. फक्त पाठवण्याआधी एकदा वाचा. त्याने एकदा ‘काकांना’चं ‘काकडीला’ केलं होतं.

आई, सोसायटीच्या ग्रुपवरची तुझी ती व्हॉइस नोट. मामीसाठी होती, पार्किंगवाल्या कुटुंबाबद्दल होती, पावणेदोन मिनिटांची होती. तू घाईने डिलीट केलीस आणि निर्धास्त झालीस. पण तू ‘डिलीट फॉर मी’ दाबलंस, म्हणजे तुझ्या फोनवरून गेली आणि बाकी सगळ्यांकडे राहिली. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ दाबायचं असतं, आणि त्यालाही साधारण दोन दिवसांची मुदत असते. मी तुला इतके दिवस सांगितलं नव्हतं, कारण तू त्यांच्याकडे तिळगूळ घेऊन गेलीस आणि त्यांनी हसून घेतला. आता संबंध पूर्वीपेक्षा बरे आहेत म्हणतेस, तर असू दे. यापुढे बोलण्याआधी वर कुणाचं नाव आहे ते वाच, बास.

रविवारी येते. वही साड्यांखालून काढून ठेव, आपण जुनी पानं दुरुस्त करू. मी हात मागे बांधून बसेन, फोन तुझ्याच हातात राहील. मावशीला कॉल लागायला दहा मिनिटं लागली तर लागली, ती काय कुठे जात नाही. मधेच माझ्या तोंडून “दे इकडे” निघालं तर बाबांनी मला उठवून स्वयंपाकघरात पाठवावं.

तुमची,
बेबी

ता. क. : बाबा, ‘नेट गेलं’ म्हणून मला ऑफिसात फोन करण्याआधी आईने आज चटणी वाटलीय का ते बघा. मिक्सरसाठी ती राउटरचीच पिन काढते.