वासापलीकडचे जिवाणू

संपादक महोदय,

प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपकारक जिवाणू, म्हटले की आपली गाडी दही-ताकापुढे जात नाही. पण विरजणाचे काम मासळीतही चालते. थायलंडमध्ये गोड्या पाण्यातले मासे मीठ आणि भाजलेल्या तांदळाची पूड घालून महिनोन्‌महिने मुरवतात. त्याला 'प्ला-रा' म्हणतात. तिथल्या अशा आंबवलेल्या माशांतून संशोधकांनी २००० साली लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंच्या दोन नव्या प्रजाती नोंदवल्या. एकीचे नाव 'अ‍ॅसिडिपिस्किस', म्हणजे चक्क 'आंबट माशाचा'! (बारसे करणाऱ्याला दाद द्यायला हवी.) दुसरीला देशाचेच नाव मिळाले, 'थायलँडेन्सिस'.

नवी प्रजाती ठरवणे सोपे नसते. जिवाणू वेगळा वाढवायचा, तो किती मीठ सोसतो, कोणत्या साखरा आंबवतो हे पाहायचे आणि मग त्याचा डीएनए जवळच्या भाऊबंदांशी ताडून बघायचा. हा नुसता नावे ठेवण्याचा उद्योग नाही. या सोयऱ्यांपैकी काही हिस्टामिन नावाचे रसायन तयार करतात आणि ते फार झाले तर खाणाऱ्याला त्रास होतो.

आमच्या मजल्यावरच्या मणिपुरी मुली एरोम्बा, म्हणजे आंबवलेली मासळी घालून कुस्करलेली भाजी, करतात तेव्हा जिन्यात 'ङारी'चा वास दरवळतो आणि सोसायटीत कुरकुर सुरू होते. पुठी मासे वाळवून, मोहरीचे तेल लावलेल्या मडक्यात दाबून, तोंड बंद करून मुरवतात ती ही ङारी. कुरकुरणाऱ्यांत सुकट-बोंबील भाजणारेही आहेत, हे विशेष!

– एक मासेखाऊ वाचक, पुणे