बाळ लगेच रडलं होतं का?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
स. न. वि. वि.

माझ्या धाकट्या भावाला १९व्या वर्षी स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) झाला. आधी दोन वर्षं देवऋषी आणि गंडेदोरे झाले, ते सांगत बसत नाही. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, तेव्हा त्यांनी आईला विचारलं, "जन्मल्यावर बाळ लगेच रडलं होतं का?"

आईला सगळं आठवत होतं. रात्रभर कळा, पहाटे जीप, चिमटा लावून केलेली सुटका, निळं पडलेलं बाळ, पाठीवर मारलेल्या थापट्या. डॉक्टरांनी बाळंतपणाचा केसपेपर मागितला. आम्ही रुग्णालयात गेलो, तर "एवढे जुने कागद ठेवत नाही" असं उत्तर मिळालं. आई मात्र त्या दिवसापासून मनाशी धरून बसली, की पोराचं डोकं आपल्याच बाळंतपणात बिघडलं.

मग मी वाचू लागले. १९७६ साली लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात डॉ. ईव्ह जॉनस्टोन यांच्या गटाने स्किझोफ्रेनियाच्या १७ जुन्या रुग्णांच्या मेंदूचे सीटी स्कॅन काढले. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या रुंदावलेल्या दिसल्या. पुढे एमआरआय आल्यावर स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस हा भागही अनेक रुग्णांत लहान आढळला. फिनलंडमधल्या ज्या रुग्णांना पोटात किंवा जन्मताना प्राणवायू कमी पडला होता (बाळ उशिरा रडणं ही त्याचीच एक खूण), त्यांच्यात तो आणखी लहान होता. गरोदरपणातला रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, बाळाचं कमी वजन, जन्मताना गुदमरणं, तातडीचं सिझेरियन या साऱ्यांचा आजाराशी संबंध दिसतो.

पण किती? शंभरातल्या एकाला होणारा हा आजार अशा बाळंतपणानंतर साधारण दोघांना होतो. बाकीच्या पोरांना तो होत नाही. त्यात अनुवंशही आहेच. त्यामुळे 'उशिरा रडलेल्या' मुलांच्या याद्या करून त्यांच्यावर शिक्का मारायची योजना कुणी मांडली, तर कृपया ती फाईल परत पाठवा.

माझं मागणं साधं आहे. बाळ कधी रडलं, अँबू बॅग (श्वास देण्यासाठी हाताने दाबायची पिशवी) लावावी लागली का, वजन किती, या नोंदी माता-बाल संरक्षण कार्डावर वाचता येतील अशा लिहिल्या जाव्यात आणि मुलाच्या १८व्या वर्षानंतरही जपल्या जाव्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं त्या वयापर्यंत मुलं तपासतातच. त्यांच्यासमोर हा कागद असू द्या. म्हणजे कॉलेजातला मुलगा एकाएकी एकलकोंडा झाला, स्वतःशी बोलू लागला, तर डॉक्टरांना आईच्या आठवणीवर विसंबावं लागणार नाही. आणि प्रसूतिगृहात पार्टोग्राफ (बाळंतपण कसं पुढे सरकतंय ते नोंदवायचा तक्ता) कळा चालू असतानाच भरला जावा. बाळंतपण उरकल्यावर तो एकदम 'भरून काढतात', हे आपल्या खात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. (मानसिक आरोग्याच्या बैठकीला प्रसूती विभागातलं कुणी बोलावतात का हो?)

आणखी एक, याला निधी लागत नाही. 'बाळ लगेच रडलं होतं का' हे विचारल्यावर लगेच आईला सांगायचं, "बाई, यात तुमची काही चूक नाही." तेवढी सूचना सगळ्या जिल्हा रुग्णालयांच्या मनोविकार विभागांना द्या. आमच्या आईला हे कुणी सांगितलं नाही. मी सांगते, पण माझं ती ऐकत नाही, ती म्हणते, "डॉक्टरांनी का विचारलं मग?"

आपली,
एका रुग्णाची बहीण