झाकणाकडं बघ आधी

बाळा,

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली सीताफळाच्या फ्रोझन डेझर्टच्या, म्हणजे त्या आइस्क्रीमसारख्या मालाच्या, डब्यांची तू केलेली डिझाइनं बघितली. पप्पांना सीताफळाचं चित्र लई आवडलं, मला पण आवडलं, पण काही गोष्टी खटकल्या आणि फोन केला की तू मिटिंगमधे असतोस, म्हणून लिहायलेय.

तू सगळा जीव डब्याच्या बाजूवर ओतलास आणि झाकणावर नुसता लोगो. अरे आपल्या दुकानातला डीप फ्रीजर आठव ना, काच वरच्या बाजूला, डबे एकावर एक रचलेले, गिऱ्हाईक वाकून बघतं तेव्हा त्याला फक्त झाकणं दिसतात. त्यात अंबाजोगाईची लाईट, गेली-आली की डब्यांवर पांढरा थर धरतो, लेकरं बोटानं खरवडून नाव वाचतात, तिथं तुझी राखाडी बारीक अक्षरं कोण वाचणार? नाव झाकणावर घे, जाड, गडद आणि मराठीत. आणि कागदी स्टिकर नकोच, ओल आली की कडा सुटतात आणि एकाचं लेबल दुसऱ्याला चिकटतं. प्लास्टिक फिल्मचं घ्या, गोंद गारठ्यात धरणारा आहे का ते प्रिंटरला आधी विचार.

रंग पण हिरवा नको. सीताफळ बाहेरून हिरवं हे खरं, पण आपल्याकडं हिरवा डबा दिसला की माणूस पिस्ता समजतो. आतला पांढरा गर आणि त्यातली चकचकीत काळी बी दाखव, कुणाला विचारावं लागणार नाही. तुझे डबेवाले मालक गर खरंच आपल्या धारूरकडचा घेत असतील तर "बीडचं सीताफळ" असं ठसठशीत लिही, २०१६ ला जीआय, म्हणजे त्या-त्या भागाच्या मालाचं सरकारी मानांकन, मिळालंय त्याला. जीआयचा लोगो मात्र नोंदणी असल्याशिवाय लावू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ती दुधाची धार आणि गाय काढ. तूच म्हणालास की माल फ्रोझन डेझर्ट आहे, म्हणजे फॅट वनस्पती तेलाचं. आइस्क्रीम म्हणायचं तर फॅट दुधाचंच लागतं, साध्या आइस्क्रीमला कमीत कमी १० टक्के, खाण्याच्या मालाचे नियम ठरवणाऱ्या सरकारी एफएसएसएआयचा नियमच आहे तो. याच दूध-तेलाच्या जाहिरातीवरून २०१७ ला हिंदुस्थान युनिलिव्हर अमूलच्या विरोधात मुंबई हायकोर्टात गेली होती, एवढा नाजूक विषय आहे हा. आणि कोर्टाचं राहू दे, एकादशीला बायका दुकानात येतात, डबा हातात घेऊन मला विचारतात, "वहिनी, यात दूधच हाय ना, उपासाला चालतंय ना?" त्यांनी गाय बघून डबा उचलला आणि तेल मागं मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं, तर मी त्यांना काय सांगू? फ्रोझन डेझर्ट काही वाईट नसतं रे, खिशाला परवडतं, चव चांगली असली तर लोक आवडीनं खातात. मग ते नाव लपवायचं कशाला, सीताफळाच्या खालीच मोठं लिही की. मालक नको म्हणाले तर माझं हे दुधा-तेलाचं त्यांना वाचून दाखव.

छापायला टाकायच्या आधी दोन-तीन रिकामे डबे लेबल लावून एसटीच्या पार्सलनं पाठव. पाणी भरून आठवडाभर फ्रीजरमधे ठेवते, लाईट जाते-येते तशी जाऊ दे, आणि फोटो पाठवते तुला.

जेवण वेळेवर कर.

तुझी आई