लेकीला हळद लावायला माय का चालत नाही?

संपादक साहेब, नमस्कार.

लग्नसराई आली की आमच्याकडं एक गोष्ट हमखास बघावी लागते अन् जीव जळतो म्हणून लिहितोय. नवरा गेलेली बाई, जिनं रोजानं जाऊन लेकरं मोठी केली, लेकीला शिकवलं, स्थळ बघितलं, कर्ज काढून मांडव घातला, तिलाच हळदीच्या टायमाला मागं सरक म्हणतात अन् सवाष्ण म्हणून चुलती नाहीतर मावशी पुढं होते. विचारलं की उत्तर ठरलेलं, आपल्यात चालत नाही.

नियमानं राहणाऱ्या माणसांबद्दल मला आदरच आहे. आमच्या गल्लीतले माळकरी म्हातारे दोन्ही एकादशा धरतात, चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत, अंगात ताप असला तरी हरिपाठ चुकवत नाहीत. पण ते त्यांनी स्वतःला लावून घेतलंय अन् उपाशी राहतात तेही स्वतःच. विधवेच्या बाबतीत सांगणारे वेगळे अन् भोगणारी वेगळी. बायको वारलेला माणूस मात्र पोराच्या लग्नात फेटा बांधून सगळ्यात पुढं, त्याला कुणी अडवत नाही.

परंपरा म्हणाल तर पैठण आपल्याच भागात आहे. श्राद्धाचं अन्न नाथांनी अस्पृश्यांना वाढलं म्हणून कर्मठांनी त्यांना वाळीत टाकलं, हे आपण कीर्तनात ऐकत आलोय, टाळ्या पण वाजवतो. अन् नाथषष्ठीला दिंडी घेऊन जाणारीच घरं परत आल्यावर हळदी-कुंकवाला शेजारच्या विधवा बाईला बोलावत नाहीत, हे कसं काय पटतं?

मराठवाड्यात शेतकरी आत्महत्यांमुळं कितीतरी पोरी ऐन तरुणपणात विधवा झाल्या, पुढं सगळं आयुष्य पडलंय त्यांचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की नवरा वारल्यावर कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं गावात बंद. त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगितलं. पण परिपत्रकानं काय होतं, गावातल्या चार मोठ्या माणसांनी अन् मुख्य म्हणजे घरातल्या सासवांनी मनावर घ्यायला पाहिजे.

आपल्या पेपरला एकच विनंती, परभणी जिल्ह्यात कोणत्या गावांनी असा ठराव घेतला अन् तिथं तो खरंच पाळतात का, हे बातमीदार पाठवून छापा. पुढच्या ग्रामसभेत ते कात्रण घेऊनच आम्ही विषय मांडू.

एक वाचक, गंगाखेड (जि. परभणी)