कयाक घेतली, पंचांग पाहिलेत का?

मा. संपादक,
स. न.

आपल्या दैनिकात भरतीच्या वेळा छापून येतात त्या मुंबईच्या. आमच्याकडे मालवण-देवबागला भरती मुंबईच्या आधी येते आणि कर्ली खाडीत आत जावे तशी ती उशिरा पोहोचते. मासेमार हे जाणतात. गाडीच्या टपावर नवी प्लास्टिकची कयाक, म्हणजे वल्हवायची छोटी होडी, बांधून येणाऱ्यांना ते कोणी सांगत नाही. दुकानदार वल्हे कसे धरायचे ते दाखवतो आणि बिल फाडतो. म्हणून हे पत्र.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. द्वादशी असेल तर 12 गुणिले पाऊण, म्हणजे 9 वाजता. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, पाणी जोरात ओढते. नवख्याने ते दिवस सोडावेत. एकादशी-द्वादशी सर्वांत सोयीची. सकाळी साडेसातला खाडीच्या मुखापासून बऱ्याच आत, नेरूरपारच्या बाजूला कयाक उतरवावी, चढत्या पाण्याबरोबर वर जावे, 9 च्या सुमारास वळावे आणि ओहोटीबरोबर साडेदहापर्यंत परत यावे. त्यानंतर खारे वारे सुटतात. ओहोटी खाली ओढते आणि वारा समोरून येतो, तेव्हा आखूड, उभ्या लाटा उठतात. हलकी कयाक त्यात आडवी झाली की उलटलीच म्हणून समजा. देवबागच्या मुखाशी ओहोटीत जाऊच नये. नवखा ताशी 4-5 किलोमीटर वल्हवतो. उधाणाचे पाणी तिथे तितक्याच वेगाने समुद्राकडे धावू शकते.

उतरण्याआधी कयाकच्या पोकळीचे मागचे बूच घट्ट आहे का ते हाताने फिरवून पाहा. ते विसरले तर पोकळीत पाणी हळूहळू भरते. कयाक लगेच बुडत नाही, पण आतले पाणी एका अंगाला धावले की तोल जातो आणि माणसाला वाटते आपलेच बसणे चुकले. लेबलवर 120 किलो क्षमता लिहिली असली तरी माणूस आणि सामान मिळून 80 च्या आत ठेवा. वजन त्याहून जास्त झाले की बसायच्या जागेतल्या छिद्रांतून पाणी उलटे वर येते. पायाचे टेकू असे लावा की गुडघे किंचित वाकलेले राहतील. वल्हवायचे ते कमरेपासून धड फिरवून. नुसत्या हातांनी वल्हवणाऱ्याचे खांदे अर्ध्या तासात भरून येतात. लाइफ जॅकेट अंगात घालून पट्टे आवळावेत, शिटी त्यालाच बांधावी. मांडीखाली ठेवलेले जॅकेट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही.

पहिल्या दिवशी छातीइतक्या पाण्यात मुद्दाम उलटा. कयाक सरळ करा, मधोमध बाजूला या, दोन्ही हात पलीकडच्या काठावर टाका, पाय मागे मारत अंग पाण्याला समांतर आणा, छाती वर ओढा, मग पाठीवर वळून बसा. पाय कयाकखाली गेले तर ती पुन्हा अंगावर येते; बहुतेकांचे इथेच चुकते. सलग तीनदा जमल्याशिवाय खोल पाण्यात जाऊ नये.

उतरायची जागा ओहोटीत पाहून ठेवावी. भरतीला छान दिसणारा कांदळवनाचा काठ ओहोटीत गुडघाभर गाळ असतो, आणि खडकांवरची कालवे तळवा चिरतात. चपला मागून पट्ट्याच्याच हव्यात. पाण्यात उभ्या रोवलेल्या खुंटांची रांग दिसली की तिथे जाळे आहे. वळसा घाला, मधून जाऊ नका. वल्हे अडकते हा एक भाग, कोणाचे जाळे फाटते हा दुसरा.

संपादक महोदय, मुंबईच्या वेळांशेजारी रत्नागिरी आणि मालवणच्या वेळा दोन ओळींत छापता आल्या, आणि भरतीइतकीच ओहोटीचीही वेळ दिलीत, तर खाडीत उतरणाऱ्यांना त्याचा रोज उपयोग होईल.

आपला,
एक वाचक, मालवण