जुईला तात्पर्य विचारू नका

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलता येत नाही. फोन स्पीकरवर असतो, जुई शेजारीच बसलेली असते, आणि सांगायचं आहे ते बरंचसं तिच्याबद्दलच आहे. म्हणून पत्र. दोघंही वाचा, पण ती शाळेत गेल्यावर.

या सत्रात मला किशोरवयीन मुलांच्या कादंबऱ्या हा विषय आहे. इथल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत बारा ते अठरा वर्षांच्या मुलांचं दालन वेगळं असतं. तिथे काम करायचं तर आधी ती पुस्तकं स्वतः वाचायची. आमच्या बाई सारांश मागत नाहीत. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची, डावीकडे पुस्तकातलं मनात अडकलेलं वाक्य लिहायचं आणि उजवीकडे ते वाचताना आपलं काय झालं ते. बाबा, तुम्हाला हा अभ्यास वाटणार नाही, पण यामागचा विचार जुना आहे. लुईझ रोझेनब्लॅट या प्राध्यापिकेने १९३८ सालीच मांडलं होतं की साहित्य नुसतं कागदावर नसतं. वाचणारा आपलं सगळं आयुष्य घेऊन त्याच्यापाशी येतो तेव्हा ते घडतं. आम्हाला शाळेत 'लेखकाला काय सुचवायचे आहे?' एवढंच विचारत. तुझं काय झालं, हे कुणी विचारलं नाही.

पहिलं पुस्तक 'द आउटसायडर्स', १९६७ सालचं. एस. ई. हिंटन ही ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातली मुलगी. लिहायला घेतलं तेव्हा शाळेत होती, छापून आलं तेव्हा अठरा वर्षांची. मुलांच्या टोळ्यांची गोष्ट मुलीने लिहिली म्हणून कुणी बाजूला टाकू नये, यासाठी पुस्तकावर नुसती आद्याक्षरं. गोष्ट तीन भावांची आहे. आईवडील मोटार अपघातात गेलेले. थोरला डॅरी वीस वर्षांचा. कॉलेजचं स्वप्न सोडून छपरांच्या कामावर जातो आणि धाकट्यांना सांभाळतो. चौदा वर्षांच्या पोनीबॉयला वाटतं, याला मी नकोच आहे. सारखा ओरडतो, उशीर का झाला, डोकं का वापरत नाहीस. एका रात्री डॅरीचा हात उठतो आणि पोनीबॉय घरातून पळून जातो. पुढे दोघं भेटतात ते हॉस्पिटलमध्ये. डॅरी रडत असतो. आईवडील गेले तेव्हाही तो रडला नव्हता. तेव्हा कुठे पोनीबॉयच्या लक्षात येतं की आणखी एक माणूस हातचं जाईल या धास्तीने हा ओरडत होता.

त्या पानाच्या उजवीकडे मी बाबांबद्दल लिहिलं. गॅदरिंगच्या तालमीवरून यायला उशीर झाला की तुम्ही फाटकापाशी उभे असायचात आणि मी सायकल आत घ्यायच्या आधीच तुमचा आवाज चढायचा. तेव्हा मला नुसता आवाजच ऐकू यायचा. पंधराव्या वर्षी हे पुस्तक हाती आलं असतं, तर तुम्ही तिथे कधीपासून उभे आहात हे मी बहुधा विचारलं असतं.

दुसरं पुस्तक 'स्पीक', लॉरी हॉल्स अँडरसन यांचं, १९९९ सालचं. आई, हे सावकाश वाच. मेलिंडा नववीत आहे. सुट्टीतल्या एका पार्टीत वरच्या वर्गातल्या मुलाने तिच्यावर बलात्कार केला आहे. तिने पोलिसांना फोन लावला, पण काय झालं ते तिच्या तोंडून निघालंच नाही. पार्टीवर पोलीस आणले म्हणून सगळी शाळा तिच्यावर रागावलेली, आणि हळूहळू तिचं बोलणंच बंद होतं. आईवडील दुष्ट नाहीत. कामात बुडालेले आहेत, स्वयंपाकघरात चिठ्ठ्या ठेवून निरोप देतात, मार्क घसरले की चिडतात. तिला हळूहळू मोकळं करतात ते चित्रकलेचे सर. त्यांनी तिला वर्षभरासाठी एकच विषय दिलेला असतो, झाड. ती काढते, बिघडतं, कोरते, टाकून देते. सर झाडाबद्दल बोलत राहतात. हे पुस्तक शाळांमधून काढून टाका, अशी मागणी अमेरिकेत पुन्हा पुन्हा झाली आहे. माझ्या मते नववीतल्या प्रत्येक मुलीला ते सहज मिळायला हवं.

इथे उजवीकडची बाजू संपली आणि मी पुढचं पान घेतलं. मी नववीत गणिताचा क्लास अचानक सोडला होता, आठवतं? 'मला तिथलं कळत नाही' म्हणाले होते. खरं कारण वेगळं होतं. कॅनॉलच्या रस्त्याला एक माणूस माझ्या सायकलला लागून मोटारसायकल चालवायचा आणि घाणेरडं बोलायचा. त्याने हात लावला नाही, घाबरू नकोस. घरी सांगितलं तर क्लासबरोबर सायकलही बंद होईल असं मला वाटलं. तू रोज विचारायचीस, 'काय झालं गं?' आणि मी म्हणायचे, 'काही नाही.' तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाहीये. ते सांगायचं कसं, हेच मला माहीत नव्हतं. दुसऱ्या कुणाची अशी गोष्ट वाचली असती, तर सुरुवात कुठून करायची ते तरी कळलं असतं.

वॉल्टर डीन मायर्स यांचं 'मॉन्स्टर' वाचूनही झोप उडाली. सोळा वर्षांचा स्टीव्ह खुनाच्या खटल्यातून सुटतो, पण वडिलांच्या नजरेतली शंका काही सुटत नाही. त्यावर पुन्हा कधीतरी.

आता जुई. दादा-वहिनी बदलीच्या गावी, ती तुमच्याकडे, आणि 'काही नाही'च्या पुढे बोलत नाही असं तुम्हीच सांगता. तिला काही झालंय असं मी मुळीच म्हणत नाही. पण ती वाचते आहे ना? मग तिला वाचू द्या. बाबा, पुस्तक मिटलं की तुम्ही विचारता, 'काय तात्पर्य?' ते विचारू नका. 'कुठे थांबावंसं वाटलं?' एवढंच विचारा, आणि तिने उत्तर दिलं नाही तर तुम्ही कुठे थांबलात ते सांगा.

आपल्याकडे 'फास्टर फेणे' संपला की मुलांच्या हाती एकदम 'मृत्युंजय' येतं, मधलं कपाट जवळजवळ रिकामं. प्रकाश नारायण संतांचा लंपन आहे, पण तो आपल्या घरात मोठ्यांनीच वाचला, स्वतःचं लहानपण आठवत. आई, तुझं 'वनवास' जुईच्या टेबलावर नुसतं ठेवून दे. लंपनही आजी-आजोबांकडेच राहतो. घर सुटल्याचं त्याला किती लागतं, ते तिला तुझ्यामाझ्यापेक्षा लवकर कळेल.

डिसेंबरमध्ये इथली एक मैत्रीण पुण्याला येते आहे. तिच्याबरोबर 'द आउटसायडर्स'च्या दोन प्रती पाठवते, एक जुईला आणि एक बाबांना. 'स्पीक'ची एकच, जुईच्या नावाने. तिच्याशी मी आधी स्वतः बोलेन. बाबा, तुमच्या प्रतीत पेन्सिलने खुणा करा आणि प्रत तिला दिसेल अशी ठेवा. तिची मात्र तिने दिल्याशिवाय उघडू नका.

आई, क्लासबद्दल काही विचारायचं असेल तर रविवारी तुझ्या फोनवरून लाव, स्पीकर न लावता. सगळं सांगेन.

तुमची,
मनू